अठरा फूट चार इंच

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या घरच्यांनी मुलाला शिक्षण विचारलं, गोत्र विचारलं, आणि समोरच्या घरातल्या गुंडेकाकांनी त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. खिशातून स्टीलचा टेप काढून सर्रकन ओढला, टोक मुलाच्या टाचेपाशी दाबलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि आकडा वाचला, "पाच फूट पावणेसहा इंच." मुलाकडून आलेल्या कागदावर पाच फूट आठ इंच लिहिलं होतं. माझे वडील सतरंजीची नक्षी बघायला लागले. "माप खोटं बोलत न्हाय की," एवढं म्हणून काकांनी टेप मिटला आणि पोह्यांची बशी उचलली. लग्न झालं, वीसेक वर्षं होऊन गेली, नवरा चांगला निघाला. पण ते सव्वादोन इंच आमच्या घरात भांडणाच्या वेळी अजून बाहेर पडतात.

गुंडेराव हे त्यांचं नाव. जमिनीच्या मोजणीच्या सरकारी कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, पण सगळी हयात सोलापुरात भवानी पेठेत, आमच्या बोळात गेली. बोलणं मात्र गावाकडचंच राहिलं. टेप त्यांच्या खिशात असायचा, जसा दुसऱ्या कोणाच्या खिशात रुमाल असतो. गणपतीचा मांडव उभा राहिला की ते मोजायचे. नवीन सायकल आली की मोजायचे. घरी कडक भाकरी आली की तिचासुद्धा व्यास घ्यायचे आणि विकणाऱ्या मावशींना मागच्या आठवड्यापेक्षा अर्धा इंच कमी आहे हे नम्रपणे सांगायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "अंदाजे म्हंजे काय? मोजलं न्हाय म्हनून सांगा की सरळ."

एकदा बोळातल्या दोन शेजाऱ्यांचं गटारावरून जुंपलं. कोणाचा ओटा पुढं आलाय यावर आठवडाभर आरडाओरडा चालला होता. शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी जुना नकाशा आणला, सकाळपासून दुपारपर्यंत बोळ मोजला आणि निकाल दिला की भांडणारे दोघंही आपापल्या जागेत आहेत. समोरच्या ओळीतला एक ओटा चार इंच पुढं आलाय आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी आपलाच ओटा फोडून घेतला. भांडणारे दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत होते.

त्यांच्या बायकोनं, शारदाकाकूंनी, हे सगळं कसं काढलं असेल असं लोकांना वाटायचं. काकू शांत होत्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा काकांनी चुलीपासून माठापर्यंत, माठापासून देवापर्यंत, देवापासून दारापर्यंत सगळं अंतर मोजलं, कागदावर मांडलं आणि घरातलं सामान असं काही हलवलं की काकूंची दिवसाची चारशे पावलं वाचली. हे ते सगळ्यांना सांगत सुटले. काकू आतून म्हणाल्या, "वाचल्याली पावलं कुटं ठिवू तेवढं बी सांगा."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकूंना दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. त्या दिवसांत आमच्याही घरात दोघं आजारी होती. आमची खिडकी बंद असायची. एका दुपारी काचेतून मला काका दिसले. हातात जेवणाचा डबा घेऊन ते बोळातून घराकडे येत होते. कुलूप काढताना त्यांनी डबा खाली ठेवला नाही, एका हातानंच किल्लीशी झटापट करत राहिले. मी खिडकी उघडली नाही. भीती होती हे खरं, पण काय बोलावं हेही कळत नव्हतं. दोन्ही कारणं मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून बघितली आहेत.

त्यानंतर टेप दिसेनासा झाला. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. बोळातले लोक मुद्दाम त्यांना विचारायचे, "काका, एवढा पडदा मोजून देता का?" ते मान हलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. ज्यांना त्यांच्या मोजण्याचा सगळ्यात जास्त वैताग होता, त्यांनाच सगळ्यात जास्त चुकल्यासारखं झालं. त्यात मी एक.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या विभागाला एका उत्खननात भाग घ्यायची संधी आली. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावाच्या शिवारात मोठ्या दगडांचं एक वर्तुळ होतं. असं वर्तुळ म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी बांधलेलं थडगं असतं. उत्खननाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, त्यांना हातानं नकाशा काढणारा माणूस हवा होता. यंत्रावर त्यांचा भरवसा कमी. मी काकांचं दार वाजवलं.

"काका, मोजायला माणूस पाहिजे."

"काय मोजायचंय?"

"थडगं."

ते आत जाऊन खाटेवर बसले. मग म्हणाले, "किती जुनं?"

"अडीच-तीन हजार वर्षांचं."

"मग वारस भांडायला यायचे न्हाईत," असं म्हणून ते उठले आणि ट्रंकेतून टेप काढून त्याला तेल द्यायला बसले.

त्या हिवाळ्यात आम्ही शेताच्या कडेला तंबू ठोकून राहिलो. वर्तुळाच्या मधोमध खणत गेलो तशी जमिनीखालची खोली उघडी झाली. चार बाजूंना उभे केलेले चार सपाट दगड, त्यांच्यावर आडवं टाकलेलं भलं मोठं झाकण. पूर्वेच्या दगडात मधोमध एक गोल भोक कोरलेलं होतं, नऊ इंच रुंद. भोकात बरोबर बसेल असा एक गोल दगड बुचासारखा घातलेला होता. साखळी-कप्पी लावून झाकण बाजूला सरकवलं तेव्हा आत मातीत हाडं होती. एक माणूस कुशीवर निजवलेलं, डोकं भोकाच्या बाजूला. डोक्यापाशी काळ्या-तांबड्या मातीच्या वाडग्यांचा ढीग.

काकांनी खड्ड्याच्या काठावर चपला काढल्या, हात जोडले आणि खाली उतरले. "बाई, जरा टेप लावतो," असं म्हणून पहिलं माप घेतलं. आमच्या कॉलेजची मुलं-मुली तोंड दाबून हसली.

मी म्हटलं, "काका, ती बाई आहे की पुरुष, हे अजून ठरलेलं नाही."

"ठरलं की सांगा. तवर बाईच."

दहा दिवसांनी कंबरेचं हाड मोकळं झालं आणि सरांनी सांगितलं, बाईच आहे. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची शालीनता तेवढी मोठी.

आम्ही सगळं सेंटिमीटरमध्ये लिहितो. काका फुटात मोजायचे, बोटांवर हिशेब करून सेंटिमीटर सांगायचे आणि तो सांगताना त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. पण चूक कधी नाही. चूक माझी झाली, आणि चांगली जाडजूड झाली. वर्तुळातले पाच दगड इतरांपेक्षा उंच होते आणि त्यांच्यावर पांढरट थर होते, एकावर एक, बारीक पापुद्र्यांसारखे. मी भारावून गेले. प्राचीन काळी थडग्याच्या दगडांना गिलावा करत असावेत, असं मी तीन पानं भरून लिहिलं. काका दोन दिवस त्या थरांची जाडी मोजत बसले, मग उठून शेताच्या मालकिणीकडे गेले. ही गंगव्वा. सत्तरीची, काटक, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलणारी. तिला घेऊनच आले.

"अवो बाई, त्ये पांडव हायत आमचे," गंगव्वा मला म्हणाली. "दर येळवशीला मीच चुना लावती की. माज्या आदी माजी सासू लावायची."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या भागातली माणसं त्या दिवशी घरदार घेऊन शेतात जातात, कडब्याची खोप करून आत पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात आणि रानातच जेवतात. गंगव्वाच्या रानात पाच दगड आयते उभे होते. मी तीन पानं फाडली. काका एवढंच म्हणाले, "अंदाजे लिवलं हुतं तुमी."

आता ज्याच्यावरून सगळं झालं ते सांगते. सरांच्या मनात होतं की काम संपलं की दगड सुटे करून सोलापुरात आणायचे आणि संग्रहालयाच्या आवारात थडगं पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं. शाळेची मुलं बघतील, पाटी लावता येईल. रानात ठेवलं तर कधीतरी नांगराखाली नाहीतर खडीच्या खाणीत जाईल. सरांचं म्हणणं मला पटत होतं. दगड हलवायचे तर प्रत्येकावर आकडा घालावा लागतो आणि नकाशावर तोच आकडा. ते काम काकांचं.

काका आकडे घालीनात. रोज काही ना काही निघायचं. आज दगड ओला आहे, आज सावली तिरपी आहे, काल घेतलेलं माप पुन्हा बघायला हवं. एक दगड त्यांनी चार दिवसांत चारदा मोजला. मला त्यांची खोड माहीत होती, पण ही खोड नव्हती, ही चालढकल होती. मी बाजूला घेऊन विचारलं.

"नलूताई," ते म्हणाले, "जितं ठेवलंय तितनं हलवू नये."

"का पण? तिकडं नीट राहील."

"नीट ऱ्हाईल, व्हय. पन ज्यानं ठेवलं त्याला कसं सापडंल?"

"काका, ज्यानं ठेवलं तो अडीच हजार वर्षांपूर्वी गेला."

"त्ये मला बी कळतंय," ते म्हणाले आणि पुन्हा टेप उलगडत गेले.

दोन दिवसांनी सर नकाशा बघायला बसले. सुंदर नकाशा होता, एकेक दगड ओळखू यावा असा. पण पूर्वेच्या दगडातल्या भोकापासून एक रेघ निघून वर्तुळ ओलांडून बाहेर गेली होती. तिच्या टोकाला नुसती एक फुली, आणि रेघेवर लिहिलेलं, १८ फूट ४ इंच. फुटात! आणि त्या फुलीच्या जागी शेतात काहीच नव्हतं. दगड नाही, खड्डा नाही, काही नाही. मी तपासून आले. तुरीची चार झाडं होती.

माझा पारा चढला. सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, हे काय आहे? उद्या हे छापून गेलं तर लोक आम्हाला विचारतील. नसलेल्या वस्तूचं माप तुम्ही कधीपासून घ्यायला लागलात?"

काका उभे होते. त्यांनी नकाशा हातात घेतला, रेघेवरून अंगठा फिरवला. "चुकलं," म्हणाले. "खोडतो." त्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला, खरं सांगते, थोडा विजय झाल्यासारखं वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

त्याच आठवड्यात येळवस आली. गंगव्वानं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. पांडवांना नवा चुना लागला होता, खोप उभी होती, मोठ्या परातीत हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यात आंबील. ती प्रत्येकाला "बर्री, बर्री," म्हणजे या, या, करत होती. पूजा झाली, पाची दगडांना नैवेद्य झाला. मग तिची नजर खड्ड्याकडे गेली. झाकण बाजूला सरकवलेलं, खोलीवर ताडपत्री, आणि पूर्वेचं भोक उघडं.

"ह्यात कोन हाय?" तिनं काकांना विचारलं.

"एक बाई हाय. तुमच्याएवढीच उंच. चार फूट अकरा."

"मग तिला कुनी दिलं न्हाय की अजून."

एवढं म्हणून ती खड्ड्यात उतरली, उंडा आणि भज्जी हातात घेतली आणि बाहेरच्या बाजूनं भोकासमोर मांडी घालून बसली. तिचा बेत माझ्या लक्षात आला. एवढे दिवस आम्ही ब्रशनं, सुईनं माती काढत होतो, परीक्षणासाठी नमुने घ्यायचे बाकी होते आणि ही बाई आत भज्जी ठेवणार होती. मी धावले. "अहो, हात नका घालू! सगळं खराब होईल!"

"घालू द्या!"

हे काका ओरडले. काका. माझ्या लहानपणापासून मी त्यांचा वर चढलेला आवाज ऐकला नव्हता. मी होते तिथंच थांबले. "घालू द्या, नलूताई. त्याच्यासाटीच केलंय त्ये."

मी वरच्या काठावर होते. सरांनी ताडपत्रीचं टोक उचललं होतं, त्यामुळे आतलं दिसत होतं. भोकातून गंगव्वाचा हात आत आला. काळा, सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा हात. तिला बाहेरून काहीच दिसत नव्हतं. हात चाचपडला, खाली टेकला आणि उंडा मातीवर ठेवून मागे गेला. वाडग्यांचा ढीग आम्ही आठ दिवसांपूर्वी उचलून नेला होता. उंडा बरोबर त्या ढिगाच्या जागी पडला होता. गंगव्वा पदराला हात पुसत वर आली आणि सगळ्यांना आंबील वाढायला लागली.

जेवणं झाल्यावर काका सरांना खाली घेऊन गेले. मीही गेले. काकांनी भोकाची खालची कड दाखवली. वरची कड खरबरीत, छिन्नीचे घाव दिसणारी. खालची मात्र उंबऱ्यासारखी गुळगुळीत झिजलेली.

"हितं हात टेकतोय," ते म्हणाले. "एकदा-दोनदा टेकून दगड झिजत न्हाय. आनि वाडगी बघा सर, खालची जाड हायत, वरची पातळ, येगळ्या हाताची. एका दिवशी ठेवल्याली न्हाईत ती. आनि ह्ये बूच. दार बंदच करायचं असतं तर चार माणसांला उचलंना असा दगड लावला असता की. ह्ये एका हातानं निघतंय. म्हातारं माणूस बी काढंल. कडंपास्नं कपाळापर्यंत सव्वीस इंच. खांद्यापर्यंत हात घातला की बोटं तिच्या कपाळाला लागत्यात. मी मोजलंय."

सरांनी वाकून त्या कडेवरून बोट फिरवलं. "गुंडेराव, याला आम्ही पुरावा म्हणत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण लिहून ठेवा."

सर वर गेले. आम्ही दोघंच खाली राहिलो. मी विचारलं, "काका, ते अठरा फूट चार इंच काय होतं?"

ते दगडाला टेकून बसले. टेपची पट्टी थोडी बाहेर काढायची, सोडायची, ती सर्रकन आत जायची, असं चाललं होतं.

"आट दिवस डबा घेऊन जात हुतो," ते म्हणाले. "शेंगाचटणी आनि भाकरी. तिला दुसरं जात नव्हतं. आत सोडत नव्हते. त्येंचं चुकलं न्हाय, तवा समद्यांलाच तसं हुतं. आटव्या दिवशी सांगितलं, गेल्या. मग तितं, घाटावर, पांढऱ्या फक्कीनं गोल आखला हुता. त्यात हुबं ऱ्हावा म्हनले. हुबा ऱ्हायलो. ती पिशवीत हुती, तोंड बी दिसलं न्हाय. पंधरा दिवसांनी पुन्ना गेलो. फक्कीचा गोल पुसट दिसत हुता. तितनं चितेच्या ओट्यापर्यंत मोजलं. टेपाचं दुसरं टोक धरायला कुनी नव्हतं, दगड ठिवला. अठरा फूट चार इंच."

यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मी, मला शांततेची सवय नाही.

"आणि अस्थी?" मी विचारलं.

"तवा ढीगभर गाठोडी हुती. चिठ्ठ्या भिजल्या हुत्या. तितला मानूस लई दमला हुता बिचारा. म्हनला, काका, ह्ये अंदाजे तुमचंच आसंल, न्ह्या. मी म्हनलं, अंदाजे?" काकांनी पट्टी आत सोडली. "न्हाय आनलं मी. आता वाटतंय, आनायला पायजे हुतं. काय बिघडलं असतं? पन तवा हात म्होरं झाला न्हाय. पस्तीस वर्सं लोकांच्या जमिनी मोजल्या. कुनाचा बी गट घ्या, नकाशा हाय. तिचाच कुटं नकाशा न्हाय. म्हनून ती रेघ वढली. कुटंतरी कागदावर असावं म्हनून. खोडतो मी, नलूताई. आज खोडतो."

मी रडले. खड्ड्यात बसून, विद्यार्थ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं रडले. त्या बंद खिडकीचं सांगितलं. डबा हातात घेऊन कुलूप काढताना बघितलं होतं, तेही सांगितलं. ते म्हणाले, "मला दिसला हुता तुमचा पडदा हलल्याला. बरं वाटलं हुतं. कुनीतरी बघतंय म्हनून."

रेघ मी त्यांना खोडू दिली नाही.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की थडगं हलवायचं नाही. वाडगी, दोन दात आणि थोडी हाडं तपासणीला जातील. बाकी बाई जिथं आहे तिथंच राहील, आणि खड्डा पुन्हा भरून घेऊ. त्यांनी तसं वर कळवलं आणि वरून होकारही आला, हे मला अजून खरं वाटत नाही. गंगव्वानं पांडवांना हात लावू देणार नाही असं गावच्या चावडीवर ठणकावून सांगितलं होतं, त्याचाही उपयोग झाला असेल. काकांनी दुसऱ्याच दिवशी दगडांवर आकडे घातले, एका दुपारी, सगळेच्या सगळे. आता ते फक्त नकाशासाठी होते.

आमच्यात एक रीत आहे. उत्खननाचा खड्डा बुजवायच्या आधी तळाशी आपल्या काळाचं एखादं नाणं ठेवतात. पुढं कधी कोणी तिथं खणलं तर त्याला कळावं की इथं आधी माणसं येऊन गेली. शेवटच्या दिवशी झाकण पुन्हा जागेवर बसवलं. आता आत जायला वाट एकच उरली होती, ते भोक. सरांनी खिशातून नवंकोरं नाणं काढलं, काकांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "गुंडेराव, तुम्ही ठेवा."

काका चपला काढून खाली उतरले. शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारली. टेप आणि चष्मा बाजूला ठेवला. पोटावर झोपून त्यांनी उजवा हात भोकात घातला, गाल दगडाला लावला आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, क्षणभराचं काम आहे. पण ते उठेनात. ऊन कलायला लागलं होतं, माती ओढायला बोलावलेले गडी फावड्यांवर टेकून उभे होते. आपोआप सगळे दुसरीकडे बघायला लागले. गंगव्वा पांडवांपाशी बसून होती, ती मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

काका उठले तेव्हा दंडापर्यंत माती लागली होती. त्यांनी बूच उचललं आणि एका हातानं भोकात बसवलं.

"ठेवलं का नाणं?" सरांनी विचारलं.

काकांनी डावी मूठ उघडली. नाणं तिथंच होतं. "ऱ्हायलंच की," ते ओशाळून म्हणाले. सरांनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि बाहेरच्या बाजूला दगडाच्या पायाशी ठेवून दिलं. मग माती पडायला लागली.

परतीच्या जीपमध्ये काका माझ्या शेजारी होते. हात धुतला नव्हता, बाही वर केलेली तशीच होती. अक्कलकोट गेलं, सोलापूरचे दिवे दिसायला लागले. भवानी पेठेत बोळाच्या तोंडाशी आम्ही उतरलो. मी त्यांची पिशवी घेतली. दारापर्यंत गेलो, त्यांनी किल्ली काढली आणि थांबले.

"नलूताई, नकाशात एक दुरुस्ती करा."

"कोणती?"

"सव्वीस इंच लिवलंय त्ये चुकलंय माजं. मी वरच्या कडंपास्नं धरलं हुतं. पन हात खालच्या कडंवर टेकतोय." त्यांनी मातीनं भरलेला हात पुढं धरला आणि डाव्या हाताची चार बोटं कोपराच्या वर ठेवून दाखवली. "हितंपर्यंतच जावा लागतोय. खांद्यापर्यंत न्हाय. लगेच लागतंय कपाळ. मी धरलं हुतं त्याच्यापरीस लई जवळ हाय."